फट दिसली तर थांबा!



पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी वडगाव, कामशेत, मळवली अशी एकेक गावे मागे टाकीत लोणावळ्याला येते. डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर दिसत असतात, दोन्ही बाजूंना मावळातली भाताची खाचरे असतात आणि रस्ता जवळजवळ सपाट असतो. पण खंडाळा सुटले की जमीन एकदम खाली उतरते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंच आहे. घाटाच्या पायथ्याची खोपोली त्याहून साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली आहे.

अशा वेळी तुम्ही एस. टी. बसमध्ये पुढच्या बाकावर बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. उतार लागण्यापूर्वीच चालक गिअर बदलतो आणि इंजिनाचा आवाज वाढतो. गाडी तर खाली चालली आहे, मग इंजिनाने एवढे ओरडायचे कारण काय? जुने चालक नव्यांना एक नियम सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. या नियमामागचे विज्ञान आपण पाहूच. पण त्यासाठी ज्या पेटीत हे गिअर असतात, ती पेटीच गाडीतून खाली काढून पाहिली तर? आणि तीही साधी नव्हे, तर आपले गिअर आपणच बदलणारी स्वयंचलित पेटी!

घाटाचा हिशेब

आधी थोडे गणित करू. माणसांसह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार साडेपाचशे मीटर खाली उतरते असे समजा. तिची स्थितिज ऊर्जा किती कमी होईल? वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची, म्हणजे १२०० × ९.८ × ५५०. उत्तर येते सुमारे ६५ लाख ज्यूल. खोलीच्या तापमानाचे वीस लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. ही सगळी ऊर्जा केवळ ब्रेकने शोषायची ठरवली, तर ती ब्रेकच्या तबकड्यांमध्येच उष्णतेच्या रूपाने प्रकट होणार. तबकड्या तापतात, त्यांवर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्यांची पकड कमी होते आणि ब्रेक लागेनासे होतात.

खालच्या गिअरमध्ये मात्र चाकेच इंजिनाला फिरवतात. इंजिनाला हवा खेचावी आणि दाबावी लागते, आतले घर्षण सोसावे लागते. त्यात बरीचशी ऊर्जा खर्च होते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. मात्र यासाठी एक अट आहे. इंजिन आणि चाके यांच्यामधली साखळी कोठेही तुटलेली नसावी. त्या साखळीतली सर्वांत गुंतागुंतीची कडी म्हणजे गिअरबॉक्स.

समोरासमोर दोन पंखे

साध्या गाडीत चालक डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. स्वयंचलित गाडीत क्लचचे पायटे नसते. गाडी सिग्नलला उभी राहते, गिअर पडलेलाच असतो, तरी इंजिन बंद पडत नाही. हे कसे?

एक प्रयोग करून पाहा. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याचे बटण बंदच ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतील. पंख्याची जाळी न काढता दुसऱ्याचे फिरणे एखाद्या पुठ्ठ्याने वारा अडवून थांबवले, तरी पहिला बिनबोभाट फिरत राहील. दोघांत लोखंडी जोड नाही, दुवा आहे तो फक्त हवेचा. हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा. इंजिनाने फिरणारे चाक म्हणजे पंप, त्याने फेकलेल्या तेलाने फिरणारे चाक म्हणजे टर्बाइन. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

त्यात आणखी एक तिसरे, लहान चाक असते. टर्बाइनवर आदळून परत येणारे तेल पंपाच्या फिरण्याला विरोध करील अशा दिशेने येत असते. हे मधले चाक, म्हणजे स्टेटर, त्या तेलाची दिशा वळवून ते पंपाला मदत होईल असे सोडते. त्यामुळे गाडी जागची हलताना चाकांकडे जाणारा पीळ इंजिनाच्या पिळाच्या साधारण दुप्पट होतो. गाडीने वेग घेतला, की स्टेटर मोकळा होऊन प्रवाहाबरोबर फिरू लागतो.

ही कल्पना मोटारींसाठी निघालेली नव्हती. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते, पण जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. ही अडचण त्याने द्रवाच्या मदतीने सोडवली. मोटारीत तेलाचा हा दुवा आणि स्वयंचलित गिअर एकत्र आणून ते मोठ्या प्रमाणावर विकण्यास जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक'पासून सुरुवात केली. त्यात स्टेटर नव्हता. तीन चाकांचा कन्व्हर्टर मोटारीत रुळला तो त्यानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस.

पडणाऱ्या पाण्याने चाक फिरते हे पाहायला मात्र मावळच्या मुलांना जर्मनीला जायला नको. लोणावळ्याजवळच्या वलवण तलावाचे पाणी नळांतून घाटाखाली उतरते आणि खोपोलीच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवते. टाटांचे हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. तेथे पाण्याला वेग देतो तो घाट. कन्व्हर्टरमध्ये तेच काम पंपाचे चाक करते.

सूर्य आणि ग्रह

कन्व्हर्टरच्या मागे असते खुद्द गिअरची पेटी. तिच्यातील दातेरी चाकांची रचना सूर्यमालेसारखी असते. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती तीन किंवा अधिक ग्रहचक्रे, ती बसवलेली एक चौकट आणि सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले वलयचक्र.

कागद-पेन्सिल घ्या. सूर्यचक्राला ३० दाते आणि वलयचक्राला ६० दाते आहेत असे समजा. वलय धरून ठेवले आणि सूर्य फिरवला, तर सूर्याच्या ३ फेऱ्यांत चौकटीची १ फेरी होते. वेग कमी, जोर जास्त. हा झाला चढाचा गिअर. सूर्य धरून वलय फिरवले, तर दीड फेरीला चौकटीची एक फेरी. दोन चाके एकमेकांना जखडली, तर सारे एकाच वेगाने फिरतात. आणि चौकट धरून सूर्य फिरवला, तर वलय उलट्या दिशेने फिरते. हा झाला रिव्हर्स! चाके तीच, दातेही तेच. फक्त कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे एवढे बदलले की गिअर बदलतो. हे धरण्या-सोडण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे क्लच करतात. पास्कलचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या नियमाचे हे रोजच्या वापरातले उदाहरण.

म्हणजे या पेटीत तेल तीन कामे करते. ते शक्ती वाहून नेते, दाब पोहोचवते आणि वंगणही घालते. हा दाब निर्माण करणारा एक तेलपंप पेटीच्या तोंडाशीच असतो. त्याला फिरवते ती कन्व्हर्टरची मागची नळी. ही नळी आणि हा पंप नीट लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला खरा धोका तेथेच आहे.

एक खुलासा. आज स्वयंचलित म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वच गाड्यांत ही रचना नसते. २०१४ पासून आपल्याकडे लहान गाड्यांत आलेल्या एका प्रकारात नेहमीचाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. आपण बोलत आहोत ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल.

पेटी खाली येते

चला, आता कल्पनेनेच लोणावळ्यातल्या एखाद्या गॅरेजात जाऊ. पुढच्या चाकांना शक्ती मिळणारी एक मोटार आली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून लालसर तेल ठिबकते आहे. मिस्त्री वाकून पाहतात आणि म्हणतात, "पंपाचे सील गेले."

हे सील म्हणजे तळहातावर मावणारी रबराची कडी. पण ती बसलेली असते कन्व्हर्टरच्या मागे. ती बदलायची तर तेल आणि कन्व्हर्टर धरून ७०-८० किलोची पेटी खाली उतरवायलाच हवी.

पहिले काम बॅटरीची ऋण तार सोडण्याचे. स्टार्टरची जाड तार सरळ बॅटरीला जोडलेली असते. तिला चुकून पाना टेकला तर मोठी ठिणगी पडते. मग गाडी उचलून भक्कम घोड्यांवर टेकवतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जायचे नसते. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

नंतर तेल काढून भांड्यात घेतात. हे तेल गटारात ओतायचे नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळच उगम पावते. गॅरेजचे गटार शेवटी जाते कोठे, ते तुम्हीच शोधून पाहा. पुढे चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे निघतात. तेल थंड करणाऱ्या नळ्या सुटतात आणि त्यांची तोंडे लगेच बुचांनी बंद होतात, कारण पेटीतील झडपांच्या वाटा इतक्या अरुंद असतात की कापडाचा एक धागाही तेथे अडकू शकतो. विजेच्या तारांच्या प्रत्येक जोडावर खूण करतात. स्टार्टर निघतो.

आता इंजिनाला वरून आधार देतात, कारण गिअरबॉक्स निघाला की त्याचा एक टेकू नाहीसा होणार असतो. मग एका लहानशा खिडकीतून कन्व्हर्टरचे बोल्ट सोडायचे. खिडकीतून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. तो सोडला की इंजिनाचा दांडा पान्याने थोडा फिरवायचा, मग दुसरा दिसतो. शेवटी पेटीखाली खास जॅक लावून तिच्या घंटेसारख्या तोंडाभोवतीचे बोल्ट काढतात आणि पेटी सरळ मागे सरकवतात. कन्व्हर्टर पेटीबरोबरच आला पाहिजे आणि वाटेत निसटून पडता कामा नये. म्हणून पेटीचे तोंड किंचित वर ठेवून ती खाली उतरवतात.

कन्व्हर्टर बाहेर ओढला की सील समोर दिसते. जुने काढून नवे बसवायला वेळ लागत नाही. काम झाले असे वाटते. पण खरे अवघड काम आता सुरू होते.

खट्, खट्, खट्

कन्व्हर्टर पुन्हा पेटीच्या तोंडात बसवायचा आहे. तो एका ठिकाणी नव्हे, तर तीन ठिकाणी जुळावा लागतो. स्टेटरच्या खाचा एका स्थिर नळीवर बसल्या पाहिजेत. टर्बाइनच्या खाचा पेटीच्या मुख्य दांड्यावर बसल्या पाहिजेत. आणि मागच्या नळीच्या टोकाच्या खाचा तेलपंपाच्या दात्यांत शिरल्या पाहिजेत. हे सारे डोळ्यांआड होते. मिस्त्री कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरतात, हलका आत दाबतात आणि सावकाश फिरवतात. खट्! तो थोडा आत जातो. आणखी फिरवतात. खट्! आणखी आत.

उमेदवारी करणारा मुलगा म्हणतो, "बसला, मिस्त्री."

मिस्त्री म्हणतात, "कानाने ऐकलेस, आता पट्टीने बघ."

पेटीच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवतात आणि तिच्यापासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजतात. ही खोली किती हवी, ते त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. समजा, माप कमी भरले. म्हणजे तिसरा जोड लागलेला नाही. नळीचे टोक पंपाच्या दात्यांवर नुसते टेकले आहे. पुन्हा फिरवायचे, पुन्हा दाबायचे. तिसरा खट् झाला आणि माप जुळले, की मगच पेटी जॅकवर चढवायची.

इंजिनाला पेटी भिडवताना दोन्हीची तोंडे हातानेच मिळाली पाहिजेत. मध्ये फट राहिली तर थांबायचे. आणि येथेच चुका होतात. फट असते जेमतेम सेंटीमीटरभर. संध्याकाळ झालेली असते, गिऱ्हाईक बाहेर उभे असते. बोल्ट तर भोकात शिरले आहेत. मग ते आवळून फट मिटवू या, असे वाटते.

गुंडाळलेला घाट

बोल्टने फट मिटते यात शंका नाही. पण कशी मिटते, ते पाहा.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड मळसूत्रासारखी वर चढत जाईल. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ताच. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ला १ होता, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचा आटा एका फेरीत दीड मिलिमीटर चढतो आणि त्या फेरीची वाट सुमारे २८ मिलिमीटर असते. म्हणजे हा घाट १९ला १ असा झाला.

आता २५ सेंटीमीटर लांबीचा पाना घ्या. एका फेरीत हात सुमारे १५७ सेंटीमीटर फिरतो आणि बोल्ट पुढे जातो दीड मिलिमीटर. हे गुणोत्तर हजाराहून अधिक आहे. हाताने २० किलोचा जोर लावला, तर घर्षण नसते तेव्हा बोल्टने वीस टन ओढले असते. प्रत्यक्षात बहुतेक श्रम घर्षणात जातात. तरीही एक बोल्ट सुमारे अडीच टनांच्या वजनाएवढ्या बलाने ओढतो. पेटीभोवती असे सहा-आठ बोल्ट असतात. त्यांच्या संयुक्त ओढीखाली सापडतात पंपाचे लहानसे दाते. पान्यावरच्या हाताला मात्र यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त बोल्ट नेहमीसारखा घट्ट होत असल्याचे जाणवते.

दाते मोडतात, पंपाला तडा जातो. इंजिन सुरू केले की तेलाचा दाब तयार होत नाही आणि गाडी हलत नाही. हा प्रकार गॅरेजच्या दारातच कळला तर नशीब. अर्धवट दुखावलेला पंप मात्र काही किलोमीटर काम देतो आणि नंतर मान टाकतो. तो घाटाच्या उतारावर थांबला, तर क्लच सुटतात, इंजिन चाकांना रोखू शकत नाही आणि ते ६५ लाख ज्यूल एकट्या ब्रेकच्या अंगावर येतात. अशी गाडी ओढून नेतानाही चालणारी चाके जमिनीवरून उचलावी लागतात. इंजिन बंद असले की पंप बंद, आणि पंप बंद असला की आतले गिअर वंगणावाचून फिरणार!

म्हणून जाणत्या मिस्त्रींचा नियम असा : बोल्ट धरून ठेवण्यासाठी असतो, ओढून बसवण्यासाठी नव्हे. जे हाताने भिडत नाही, ते का भिडत नाही हे आधी शोधायचे.

शेवटची तपासणी

तोंडे नीट मिळाली की बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्यावर आकडा पाहून आवळतात. कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आहे आणि इंजिनाच्या तबकडीपासून तो थोडा दूर आहे, हे पाहून मगच त्याचे बोल्ट लावतात. दांडे, नळ्या, तारा काढल्या त्याच्या उलट क्रमाने बसतात. पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे नवे तेल भरतात.

तेलाची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू ठेवून आणि तेल ठरावीक तापमानाला आल्यावर मोजतात. इंजिन बंद असताना काही तेल खाली उतरून बसते. ते सुरू होताच पंप तेच तेल कन्व्हर्टरमध्ये आणि झडपांत चढवतो. शिवाय तापल्यावर तेल प्रसरण पावते. थंड तेलाचे माप म्हणूनच फसवे ठरते. मग प्रत्येक गिअर टाकून पाहायचा, सपाट रस्त्यावर फेरी मारायची, गाडी पुन्हा उचलून सांधा कोरडा आहे ना ते पाहायचे. घाट त्यानंतर.

हे काम तुम्ही घरी करून पाहायचे नाही. एवढे वजन अंगावर आले तर माणूस वाचत नाही. पण गुंडाळलेल्या कागदाचा प्रयोग जरूर करा. एका बाजूला जास्त उताराचा आणि दुसऱ्या बाजूला कमी उताराचा त्रिकोण घेऊन कोणते आटे अधिक जवळजवळ येतात ते पाहा. आणि त्यांपैकी कोणता बोल्ट तेवढ्याच हाताने अधिक जोर लावील, याचे उत्तर वर्गात शिक्षकांना विचारण्यापूर्वी स्वतः काढा.

पुढच्या वेळी खंडाळ्याला उतार लागताना इंजिनाचा आवाज वाढला, की ध्यानात घ्या. ती पेटी तेव्हा गाडीला धरून ठेवते आहे. आणि ती तसे करू शकते, कारण कोणीतरी एकदा बोल्ट आवळण्यापूर्वी पट्टी लावून पाहिली होती.